लेकरांचा पाच वाजताचा खाऊ : दहा रुपयांच्या पाकिटाला पर्याय काय?

काळी माती (जिंतूर तालुका, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. दशक-एकक शिकवायला काड्या, चिंचोके सगळं वापरून झालं होतं. म्हणून या वेळी लेकरांना म्हटलं, आवारात पडलेली खाऊची रिकामी पाकिटं गोळा करा आणि दहा-दहाचे गठ्ठे लावा. सोमवारी सुरू केलं, शनिवारपर्यंत खताची रिकामी गोणी गच्च भरली. गणित झकास झालं. माझं डोकं मात्र तेव्हापासून जागेवर नाही.

शाळेतल्या दुपारच्या खिचडीबद्दल माझी तक्रार नाही. पहिली ते पाचवीच्या लेकरामागं १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे, आणि आमच्या स्वयंपाकवाल्या मावशी मनानं करतात. पण खिचडी होते दीडला. शाळा सुटते साडेचारला. घरी चूल पेटते साडेसातला, आई वावरातून आल्यावर. मधल्या पोकळीत लेकराच्या हातात असते ती दहाची नोट. "मॅडम, आई खुरपायला जाताना उशाखाली ठिवती," असं एकीनं सांगितलं.

मागच्या वर्षी मी तक्ता लावला होता. एका बाजूला फळं-भाज्या, दुसऱ्या बाजूला पाकिटं आणि त्यावर लाल फुली. लेकरांनी तक्ता तोंडपाठ केला, घडाघडा म्हणून दाखवला, आणि मधल्या सुट्टीत दप्तरातून पाकीट काढलं. तेव्हा उपदेशाचा प्रयोग करून झालाय.

मला एवढंच सांगा, तुमच्या घरात पाच वाजता लेकरू काय खातं? अटी तीन. गॅस पेटवावा लागू नये, फ्रीज लागू नये, पाच रुपयांच्या वर जाऊ नये. बदाम-अक्रोड सांगणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

गुळभेंडी (औसा)

ताई, आमच्या घरात सासूबाईंनी घातलेली एक पद्धत आहे, तिला आम्ही पद्धत म्हणून कधी बघितलंच नाही. स्वयंपाकघरात सगळ्यात खालच्या फळीवर एक स्टीलचा डबा. त्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कधी मुरमुरे, कधी ज्वारीच्या लाह्या. झाकण सैल. विचारायचं नाही, मागायचं नाही, हात घालायचा आणि खेळायला पळायचं. फरसाण-बिस्किटं घरात येतात, नाही असं नाही, पण ती वरच्या फळीवर. एवढाच काय तो फरक.

तुमच्या पाच रुपयांचा हिशेब करून बघितला. आमच्या बाजारात शेंगदाणे १४० रुपये किलो मिळाले. लेकराची भरलेली मूठ पंचवीस ग्रॅमची धरा, म्हणजे साडेतीन रुपये. शेंगदाण्यात जवळजवळ पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणजे मुठीत सहा ग्रॅम. तुमच्या खिचडीच्या बारा ग्रॅमच्या निम्मं झालं की ओ!

फक्त दाणे नीट बघून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले, कडू लागणारे असतील तर सरळ फेका, भाजून बुरशीचं विष जात नाही. आणि घरात पाच वर्षांच्या आतलं लहान भावंड असेल तर त्याच्या हातात अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. त्याला कूट.

दुसरं म्हणजे धपाटे. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, थोडी कणीक, लसूण-तिखट-हळद-तीळ आणि हात सैल सोडून कोथिंबीर (आमच्या कास्तीच्या कोथिंबिरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय २०२४ ला, तेव्हा फुशारकी चालवून घ्या). ओल्या फडक्यावर थापायचे. सकाळच्या भाकरीच्या तव्यावरच दोन जास्तीचे होतात. दह्यात न भिजवता पाण्यात भिजवले तर संध्याकाळपर्यंत आंबत नाहीत. मुलगी त्याची सुरळी करून सायकलवर खाते.

पुण्यातला मी

मूळचा उदगीरचा. आम्ही मुलाला एअर फ्रायरमध्ये मखाणे करून देतो, शिवाय प्रोटीन बार. अटी वाचल्या. गप्प बसतो.

गुळभेंडी

@पुण्यातला मी, गप्प कशाला बसता, येळवसला (वेळा अमावास्येला) या गावाकडं. भज्जी-आंबील आणि पोराला हुरडा भाजून देऊ. एअर फ्रायर तिकडंच ठेवा.

टोचणी (छत्रपती संभाजीनगर)

मी जरा टोचणारच. प्रत्येक वेळी ही चर्चा आईच्या डब्यावर येऊन का थांबते? दिवसभर खुरपून आलेल्या बाईला आपण सांगणार, बाई, धपाटे कर. देशात नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम वाचा, त्यात जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत शाळेतल्या मुलांना विकायचे नाहीत, असं स्वच्छ लिहिलंय. माझ्या मुलाच्या शाळेच्या फाटकाबाहेर टेप घेऊन मोजलं. पहिली टपरी अकरा मीटरवर. मुख्याध्यापकांना दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर का?"

टपरीवाला (केज)

दादा, त्या अकरा मीटरवर मीच असल्यासारखं वाटलं वाचून. नसेन, कारण मी केजकडचा. पण दुकान शाळेसमोरच हाय.

आता माझी बाजू. पाकिटांच्या माळा मी मागवत न्हाई, गाडी येते, पोरगं स्वतःच दारात लटकवून जातं. उधारीवर. विकलं तर पैसे द्या, राहिलं तर परत. फुटाण्याचं तसं न्हाई. पोतं मी रोखीनं आणायचं, मऊ पडलं, उंदरानं खाल्लं, तर नुकसान माझं. पाकिटाला पावसाळा लागत न्हाई, फुटाण्याला लागतो. आणखी एक. लेकरू दहा रुपये घेऊन येतं आणि बोट दाखवतं. बोट कुठं जाणार? जे नाकासमोर लटकतंय तिथंच. फुटाण्याची बरणी माझ्या पाठीमागं असते, ती त्याला दिसतच न्हाई.

हा धागा वाचून काल बरणी पुढं आणून ठेवलीय, काउंटरच्या काचेपाशी. तोलून-मापून द्यायचं काही काम न्हाई, कागदाच्या पुडीत पाच रुपयाचे देतो. दिवसभरात चार पुड्या गेल्या. त्यातल्या दोन मोठ्या माणसांनी नेल्या, कशासोबत ते विचारू नका.

दंतू (नांदेड)

दातांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

इथं कोणी अजून गूळ-शेंगदाण्याचं नाव काढलं नाही, पण काढणार हे नक्की, म्हणून आधीच सांगतो. गूळ ही साखरच. त्यात चिमूटभर खनिजं जास्त असतील, पण दातांवरच्या जंतूंना तो फरक कळत नाही. ते साखर खातात, आम्ल सोडतात, आणि ते आम्ल दात पोखरतं. दिवसाला किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर गुळाचा खडा खाल्ला तर एकदाच मारा. दप्तरात चिक्की ठेवून दर तासाला एक तुकडा तोडला तर दिवसभर मारा. आणि पाकिटातलं तिखट कुरकुरीत? त्यात साखर नसली तरी ते चावून पीठ होतं आणि दाढेच्या खाचेत जाऊन बसतं, जीभ फिरवूनही निघत नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला चूळ भरायला सांगा, नुसत्या पाण्यानं. त्याला काही पैसे पडत नाहीत.

साखरेचा आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला अंदाजे १७०० कॅलरी लागतात. १० टक्के म्हणजे ४२ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे जेमतेम चार चमचे. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा, तिथं साखर किती ते दिलेलं असतं.

आणि एक गोष्ट, जी दवाखान्यात रोज घसा कोरडा करून सांगतो. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबापाला वाटतं, दुधाचीच असेल, किडली तर पडून जाईल. ती पडत नाही. ती कायमची असते. नेमकी पहिली-दुसरीतच ती खराब होते.

नातवंडांची आजी (अंबाजोगाई)

डॉक्टरसाहेब, गुळाला एवढं बोलू नका हो, संक्रांत तोंडावर आली. तिळाचं तरी चांगलं बोला.

मला टाइप करायला वेळ लागतो, सुनेनं मोबाइल लावून दिलाय बोलून लिहायला. आमच्या लहानपणी खाऊ विकत आणत नव्हते, तो रस्त्यात भेटायचा. शाळेतून घरी येईपर्यंत बोरं, चिंचेचं बुटुक, कवठ, बांधावरचं वाळूक, शेंदाड. जांबाचं, म्हणजे पेरूचं झाड कोणाच्या वाड्यात आहे ते सगळ्या गावाला पाठ. घरी आलं की लाह्यांचं पीठ ताकात कालवून, वर मीठ आणि जिरं. आता बांध राहिले कुठं, बोरीसुद्धा तोडल्या. मी म्हणत नाही सगळं तेव्हाचं चांगलं होतं, खरूज आणि जंतही तेव्हाचेच. पण दोन घास पोटात जायचे.

आताचं मला जे दिसतं ते सांगते. लेकराला सकाळी चहा-खारी, नाहीतर चहात बुडवून टोस्ट. दोन वर्षांचं असल्यापासून. शाळेतून आलं की परत चहा. भूक मरते. मग रात्री जेवत नाही म्हणून आई रडते. पाकिटाच्या आधी तो चहा काढा बाई.

टोचणी

आजी, तुम्ही मुद्द्याचं बोललात. चहातले टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतात, शरीराला मिळू देत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असंच म्हटलंय. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली, त्यात ५ ते ९ वयोगटातल्या साधारण दर चौथ्या मुलात रक्त कमी आढळलं. शाळेत गुलाबी लोहाची गोळी मिळते, १० फेब्रुवारीला जंताची गोळी मिळते, आणि घरी आल्यावर आपण चहा पाजतो. म्हणजे एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं.

उलट जांब, आवळा, बोर, लिंबू यांतल्या क जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. म्हणून फुटाण्यांवर लिंबू पिळणं ही नुसती चवीची गोष्ट नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ज्वारी इथं पिकते, विद्यापीठ इथं आहे, आणि आमची पोरं मैद्याच्या नळ्या बोटात घालून खातात.

(पहिल्या पोस्टमधला माझा सूर जरा चढा होता. आईवर ढकलू नका हे म्हणणं मात्र कायम.)

काळी माती

किती काय मिळालं! दंतू, मागच्या दाढेचं वाचून आज वर्गात सगळ्यांना तोंड उघडायला लावलं. मला कळत काही नाही, पण काळे ठिपके मलाही दिसतात.

कोयता

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. पण आजींचं "रस्त्यात भेटायचा" वाचलं आणि राहवलं नाही.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाड्या भरायच्या, ते थेट उन्हाळ्यातच परत. मी आणि बहीण आजीजवळ. आता हंगामी वसतिगृहं आहेत, तेव्हा आमच्या गावात नव्हतं. आजीला कमी दिसायचं, ती एकदा सकाळी भाकरी टाकायची, तीच रात्रीपर्यंत. जाताना बापानं उचलीतले (तोडीच्या आगाऊ मजुरीतले) थोडे पैसे गावातल्या दुकानदाराकडं ठेवले होते. लेकरांना लागेल ते द्या, वहीवर लिहा. त्या वहीवर आम्ही पाच महिने जगलो. दुकानदार चांगला होता, कधी नाही म्हणाला नाही. तेच चुकलं. आम्ही काय मागणार? गोड बिस्किटं आणि नळ्या. उन्हाळ्यात आई आली, तिनं वही वाचून घेतली शेजारच्या पोराकडून. पानामागून पान तेच. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी जाताना दुकानदाराला एवढंच सांगून गेली, "वहीवर शेंगदाणे, फुटाणे, केळी आणि अंडी. बाकी काही मागितलं तर आई आल्यावर मिळंल म्हणून सांगा."

आम्ही चिडलो, रडलो, त्याच्या दुकानावर दगडही टाकला एकदा. पण वहीवर तेवढंच होतं, म्हणून तेवढंच खाल्लं. शाळेत शिकवून हे झालं नसतं.

टपरीवाला

दादा. माझ्याकडं आज अशा सात वह्या हायेत.

सातही घरची माणसं कारखान्यावर हायेत. आज रात्री फोन लावतो एकेकाला. विचारतो, वहीवर काय लिहायचं.

नातवंडांची आजी

देव भलं करो.

दंतू

टपरीवाले, केळ्यांचा घड दारात लटकवा, माळेच्या जागी. बोट तिकडं जाईल.

काळी माती (साडेतीन आठवड्यांनी)

येळवस झाली, आता सांगते काय झालं ते. सगळं गोड नाही, तेव्हा आधीच सावध करते.

पालकसभा बोलावली. चार आया आल्या, त्यातली एक रस्ता चुकून. म्हणून सभेचा नाद सोडला आणि लेकरांनाच गृहपाठ दिला. घरातला एक रिकामा डबा शोधायचा, तुमचा हात पुरेल अशा जागी ठेवायचा, आईला त्यात काहीतरी भरायला सांगायचं, आणि डब्याचं चित्र काढून आणायचं. पाकिटांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. वर्गात एकतीस आहेत, एकोणीस चित्रं आली. डबे कसले कसले! डालड्याचा, रंगाचा (तो बदलायला लावला), बाळाच्या दुधपावडरचा. एकानं डब्याशेजारी शेळी काढली होती, कारण डबा ओसरीत ठेवला आणि शेळीनं लाह्या खाल्ल्या. दुसरीच्या एका पोराचे फुटाणे रोज संपायचे. चौकशी केली तर आजोबा दुपारी हात मारत होते. आता त्या घरात दोन डबे आहेत.

गोणी अजून भरते, पण आता आठवड्यात साधारण दोन तृतीयांश. आमच्याकडं बाजार मंगळवारचा, त्या दिवशी सगळी सुट्टी असल्यासारखी पाकिटं उडतात. मी त्याला आडवी जात नाही. मोठी माणसंसुद्धा बाजारच्या दिवशी भजी खातातच.

आता कडू भाग. एका मुलीनं चित्र काढलं, डबाही दाखवायला आणला. आत काही नव्हतं. म्हणाली, "मॅडम, डबा भेटला, भरायला न्हाई." मी काय बोलणार? वर्गाच्या कपाटात माझा एक डबा ठेवलाय, साडेचारला दप्तर भरताना तिला आणि आणखी चौघांना त्यातून मूठ मिळते. पण नुसतं त्यांना दिलं तर बाकीचे बघतात, म्हणून 'आज ज्यांनी फळा पुसला त्यांना' असं काहीतरी निमित्त काढावं लागतं. फळा रोज पाच जण पुसतात. हे माझ्या पगारातून किती दिवस चालेल, बघू. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी तिथी भोजनात (गावकरी आपल्या घरच्या खास दिवशी शाळेतल्या लेकरांना खायला देतात ते) केळी किंवा उकडलेल्या शेंगा द्या, असं सुचवलं. सरपंचांच्या नातवाच्या वाढदिवसाला खरंच जांब आले, टोपलीभर, परभणीच्या बाजारातून. लेकरांनी बियांसकट फस्त केले.

चहाचं मात्र जमलं नाही. चहा सोडा म्हटलं की आया माझ्याकडं अशा बघतात, जणू मी पाणी बंद करायला आलेय.

आजी, एक काम होतं तुमच्याकडं. शनिवारी दप्तरमुक्त दिवशी मावशींच्या मोठ्या कढईत ज्वारीच्या लाह्या फोडून दाखवायच्या म्हणते. घरी करून बघितल्या, निम्मी ज्वारी न फुटता गडंग राहिली आणि उरलेली करपली. कुठं चुकलं?

नातवंडांची आजी

कोरडीच टाकली असशील तू. रात्री पाणी उकळ, ज्वारी त्यात टाक, थोडा वेळ ठेवून उपस. सुती फडक्यात बांधून रात्रभर ठेव, सकाळी जरा वाऱ्यावर पसर. वरून कोरडी, आतून ओलसर हवी. लोखंडी कढई चांगली तापू दे, एका वेळी मूठभरच टाक, फडक्याच्या बोळ्यानं फिरव. तडतड सुरू झाली की झाकण धर, नाहीतर तुझा वर्ग सगळा त्या कढईत तोंड घालील. लेकरांना लांब बसव. संकरित ज्वारी नको, गावरान बघ कोणाकडं मिळते का.

टपरीवाला

गावरान माझ्याकडं हाय, पायलीभर. गाडी परवा जिंतूरकडं येणार हाय, पाठवून देऊ का मॅडम?